मॉड कन्सोलवर आले, मॉडकर्त्याला मात्र कुणी विचारलं नाही: 'फॉलआउट ४' आणि 'स्कायरिम'चं प्रकरण

९ सप्टेंबर २०१६ रोजी बेथेस्डा या अमेरिकी गेम कंपनीने एक छोटं निवेदन काढलं. आशय असा होता: सोनीशी कित्येक महिने बोलणी झाली, आमची तयारी केव्हाच पूर्ण आहे, पण खेळाडूंनी बनवलेले मॉड, म्हणजे गेममधले बदल, ज्या मोकळेपणाने चालायला हवेत तसे प्लेस्टेशन ४ या आपल्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर) चालू द्यायला सोनीची मान्यता नाही. 'फॉलआउट ४' आणि त्याच वर्षी येऊ घातलेला 'स्कायरिम स्पेशल एडिशन', दोन्ही गेमना हे लागू होतं. गेम बनवणारी कंपनी ज्या कन्सोलवर आपला माल विकते, त्या कन्सोलच्या मालकाचं नाव घेऊन असं जाहीर बोलते, हे फार क्वचित घडतं. निवेदनात नकाराचं कारण दिलेलं नव्हतं. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, ४ ऑक्टोबरला, बेथेस्डाने दुसरी घोषणा केली: मॉड प्लेस्टेशनवर येणार, पण अटींसह. २८ ऑक्टोबरला 'स्कायरिम स्पेशल एडिशन' मॉडच्या सोयीसकट बाजारात आला आणि नोव्हेंबरमध्ये 'फॉलआउट ४'लाही ती सोय मिळाली.

कन्सोलवर मॉड असावेत की नसावेत, ही चर्चा बहुतेक वेळा हवेत चालते. इथे ती जमिनीवर आणता येते, कारण गेम तेच, कंपनी तीच, मॉड बनवायचं साधन तेच आणि वर्षही एकच. फरक फक्त एवढाच की मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनने दार बरंचसं उघडलं आणि प्लेस्टेशन ४ ने फटीएवढं. त्यामुळे कुठल्या नियमाचा काय परिणाम झाला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं. माझं मत आधीच सांगतो. मॉड कन्सोलवर यायलाच हवेत. पण ज्या पद्धतीने ते २०१६ मध्ये आले, त्यात दोन्ही कन्सोलवाले, गेम कंपनी आणि खेळाडू या सगळ्यांचा विचार झाला आणि रात्री जागून फुकटात काम करणारा मॉडकर्ता तेवढा राहून गेला. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक मला तीच वाटते.

मॉड म्हणजे मूळ गेममध्ये खेळाडूने स्वतः केलेला बदल. तो एखाद्या तलवारीचा रंग बदलण्याइतका लहान असू शकतो किंवा अख्खं नवं शहर उभं करण्याइतका मोठा. हा हौशी उद्योग आहे म्हणून त्याला दुय्यम मानणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्ये एका पिढीने ज्याच्यावर तासन्‌तास घालवले, तो 'काउंटर-स्ट्राइक' मुळात 'हाफ-लाइफ'चा मॉड होता. 'डोटा' हा 'वॉरक्राफ्ट ३'मधून निघाला. भारतात घराघरात पोहोचलेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेला पब्जी मोबाइल ज्या पब्जीवरून आला, त्याची कल्पना ब्रेंडन ग्रीन यांनी 'आर्मा' मालिकेच्या मॉडमध्ये घासूनपुसून तयार केली होती. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी कॉम्प्युटर गेम विकत घेतला नाही, तेही एका मॉडचाच वारसा मोबाइलवर खेळत होते.

हे सगळं घडलं ते पीसीवर, कारण पीसी तुमच्या मालकीचा असतो. कन्सोल पैसे मोजून घरी आणला तरी त्याची रीत भाड्याच्या घरासारखी: भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. कन्सोलवर तोच प्रोग्रॅम चालतो ज्यावर कन्सोल बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल मोहोर आहे.

कंपन्यांची भीती खोटी नाही

मॉडच्या बाजूने बोलणारे बरेच जण कन्सोल कंपन्यांना सरसकट खलनायक ठरवतात. मला ते पटत नाही. त्यांच्या भीतीला आधार आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाचा न्याय होत नाही.

पहिली भीती सुरक्षिततेची. २००८ मध्ये निन्टेंडोच्या वी या कन्सोलचं कुलूप कसं तुटलं ते पाहा. 'झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस' या गेममध्ये नायकाच्या घोडीला नाव देता येतं, मूळ नाव एपोना. गेम ते नाव सेव्ह फाइलमधून, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या फाइलमधून, वाचताना त्याची लांबी तपासत नव्हता. काही जाणकारांनी हाताने अशी सेव्ह फाइल बनवली की तिच्यातलं घोडीचं नाव ठरलेल्या जागेत मावेना, ते मेमरीत पुढे सांडलं आणि त्या सांडलेल्या भागात लपवलेला प्रोग्रॅम कन्सोलने चालवला. एका घोडीच्या नावाने अख्ख्या यंत्राचं दार उघडलं. सेव्ह फाइलने जर हे होऊ शकतं, तर कुणीही चढवलेली मॉडची फाइल, तिच्यातली चित्रं, आवाज, स्क्रिप्ट (गेमच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम), हे सगळं वाचायला लावणं म्हणजे प्रत्येक गेममध्ये अशा नव्या जागा तयार करणं. कन्सोलच्या सुरक्षा विभागात काम करणारा माणूस यावर बिचकला तर मी त्याला दोष देणार नाही.

दुसरी भीती वयाच्या शिक्क्याची. आणि ती तर खुद्द बेथेस्डाच्याच घरात घडून गेली होती. २००६ मध्ये त्यांचा 'ऑब्लिव्हियन' आला तेव्हा अमेरिकेतल्या ईएसआरबी या संस्थेने त्याला किशोरवयीनांसाठीचा शिक्का दिला होता. मे महिन्यात तो बदलून सतरा वर्षांवरच्यांसाठीचा केला गेला. कारणं दोन: रक्तपाताचं चित्रण आधी दाखवलं होतं त्याहून अधिक होतं, आणि पीसीच्या आवृत्तीत दडलेली एक चित्रफाइल मॉड लावून उघड करता येत होती, जिच्यात स्त्री पात्रं कमरेच्या वर उघडी दिसत. त्याआधीच्या वर्षी 'जीटीए: सॅन अँड्रियास'वर असाच 'हॉट कॉफी' नावाच्या मॉडवरून गदारोळ झाला होता आणि त्या गेमला फक्त प्रौढांसाठीचा शिक्का बसला होता. अमेरिकेतली मोठी दुकानं तो शिक्का असलेला माल ठेवतच नाहीत. एका खेळाडूच्या करामतीने कोट्यवधींचा माल फळीवरून उतरतो, हे ज्यांनी पाहिलंय ते सावध राहणारच.

पण याच्या उलट बाजूलाही एक ठोस पुरावा आहे, आणि तो सोनीचाच आहे. २००७ च्या अखेरीस प्लेस्टेशन ३ वर 'अनरिअल टूर्नामेंट ३' आला. त्यात खेळाडूंनी पीसीवर बनवलेले नकाशे आणि मॉड खास साधनाने रूपांतरित करून, अगदी पेनड्राइव्हवरून, कन्सोलमध्ये घालता येत होते. पुढच्या वर्षी तोच गेम एक्सबॉक्स ३६० वर आला तेव्हा ही सोय त्यात नव्हती. म्हणजे त्या काळी मोकळं दार सोनीचं होतं आणि बंद दार मायक्रोसॉफ्टचं. २०१६ मध्ये दोघांनी जागा बदलल्या. त्यामुळे प्लेस्टेशनवर हे तंत्राच्या दृष्टीने जमणारच नाही, असं म्हणायला वाव राहत नाही. तो धोरणाचा निर्णय होता.

एकच गेम, दोन नियम

जून २०१५ च्या ई३ या गेम प्रदर्शनातल्या मायक्रोसॉफ्टच्या सोहळ्यात बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड मंचावर आले आणि पीसीवरचे 'फॉलआउट ४'चे मॉड एक्सबॉक्स वनवर फुकट मिळतील असं त्यांनी जाहीर केलं. गेम १० नोव्हेंबर २०१५ ला आला. एप्रिल २०१६ मध्ये मॉड बनवायचं क्रिएशन किट आलं आणि ३१ मे २०१६ ला एक्सबॉक्सवर मॉड सुरू झाले. खेळाडूने मेनूतून मॉडच्या यादीत जायचं, आवडला तो उतरवायचा, कुठला आधी आणि कुठला नंतर चालेल ते ठरवायचं. मॉड सुरू असताना ट्रॉफी किंवा अचिव्हमेंट, म्हणजे खेळातल्या कामगिरीची पदकं, मिळत नसत. ही अट दोन्ही कन्सोलवर सारखीच होती आणि ती मला रास्त वाटते.

फरक होता तो जागेत आणि सामग्रीत. 'फॉलआउट ४'साठी एक्सबॉक्सवर मॉडना २ जीबी जागा मिळाली, प्लेस्टेशनवर ९०० एमबी. 'स्कायरिम'साठी एक्सबॉक्सवर ५ जीबी, प्लेस्टेशनवर १ जीबी. पण जागेपेक्षा जास्त बोचणारी अट होती ती बाहेरच्या ॲसेटवरची बंदी. ॲसेट म्हणजे गेमला लागणारं साहित्य: त्रिमितीय आकृत्या, त्यांच्यावरचे पृष्ठभाग, आवाज. प्लेस्टेशनवरच्या मॉडमध्ये मूळ गेममध्ये नसलेलं असं काहीही आणायचं नाही. नवी स्क्रिप्टही नाही.

समजा, एखाद्याला 'स्कायरिम'मध्ये मराठा धोप घालायची आहे. पीसीवर किंवा एक्सबॉक्सवर तो ती आकृती स्वतः घडवेल, पात्यावर चमक चढवेल, मुठीला रंग देईल आणि खेळात आणेल. प्लेस्टेशनवर त्याला गेममधल्याच तलवारींपैकी एक उचलून तिचं नाव आणि वार करण्याची ताकद बदलता येईल. धोप म्हणून जे हातात येईल ती दिसायला आधीचीच तलवार असेल.

याहून जवळचं उदाहरण भाषेचं आहे. गेमचे संवाद आपापल्या भाषेत आणणं हा जगभरच्या मॉडकर्त्यांचा जुना उद्योग. ज्या भाषांकडे कंपनी वळूनही पाहत नाही त्या भाषांत गेम आले ते बहुतेक अशा हौशी लोकांमुळेच. 'स्कायरिम' मराठीत आणायचा तर मजकूर लिहिणं हा झाला एक भाग. अक्षरं पडद्यावर उमटण्यासाठी देवनागरीचा फॉन्ट लागणार, आणि तो मूळ गेममध्ये नाही. म्हणजे तो बाहेरचा ॲसेट. प्लेस्टेशन ४ च्या नियमात मराठी अनुवाद अगदी पहिल्या अक्षरावरच अडतो. हा नियम करताना कुणाच्या डोक्यात मराठी नव्हती, हे उघड आहे. पण अश्लीलतेला आणि हॅकिंगला आवर घालायला केलेला नियम फॉन्टलाही गाळतो, तेव्हा तो चुकीच्या जागी रेघ ओढतो असंच म्हणावं लागेल.

प्लेस्टेशनच्या मॉडकर्त्यांबद्दल मला खास आदर आहे. एवढ्या आवळलेल्या जागेतही त्यांनी गेममधल्याच भिंती, दिवे, झाडं, ढग यांची फेरमांडणी करून नवी घरं, नवं हवामान, वेगळा प्रकाश, अवघड केलेल्या लढाया असं कितीतरी उभं केलं. पण त्या कौशल्याकडे बोट दाखवून 'बघा, बंदीमुळे कलाच फुलली' असं म्हणणं मला मान्य नाही. कला त्यांची होती. अडचण वरून लादलेली होती.

एक्सबॉक्सवरही सगळं सुरळीत नव्हतं. मॉड काढले, बदलले की राखीव जागेतला काही भाग रिकामा असूनही भरलेला दिसायचा. खेळाडूंनी त्याला भुताटकीची जागा म्हणायला सुरुवात केली. उपाय एकच: सगळी राखीव जागा पुसायची आणि सगळे मॉड पुन्हा उतरवायचे. शिवाय स्क्रिप्ट असलेला मॉड खेळाच्या मध्येच काढून टाकला तर त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि पुढे खेळ कोलमडू शकतो. पीसीवरच्या लोकांना याची सवय असते. ते चुका शोधतात, फाइल उघडून पाहतात. कन्सोलवरच्या खेळाडूकडे ती साधनं नाहीत. त्याला फक्त खेळ बंद पडलेला दिसतो, आणि मग तो मॉडकर्त्याच्या नावाने तक्रार लिहितो.

ज्याचं काम, त्याचीच संमती नाही

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. एक्सबॉक्सवर मॉड सुरू झाले आणि जून २०१६ मध्येच पीसीवरच्या मॉडकर्त्यांना आपलं काम अनोळखी लोकांच्या नावाने एक्सबॉक्सच्या यादीत दिसू लागलं. करणं सोपं होतं. पीसीसाठीचा मॉड उतरवायचा, क्रिएशन किटमधून एक्सबॉक्ससाठी बांधायचा, आपल्या खात्यावरून चढवायचा. मूळ कर्त्याला विचारलेलं नाही. काही ठिकाणी त्याचं नावही नाही. काही मॉड तर अर्धवट बांधलेले, खेळ बंद पाडणारे. आणि त्या बिघाडाच्या शिव्या मूळ कर्त्याला, ज्याच्याकडे एक्सबॉक्स असेलच असंही नाही.

दाद मागायची तर कंपनीकडे तक्रार करायची, ते काम आपलंच आहे हे सिद्ध करायचं, वाट पाहायची. एक काढला की तोच मॉड दुसऱ्या खात्यावरून परत. ज्यांनी वर्षानुवर्षं एक पैसा न घेता काम वाटलं, त्यांना आपल्याच कामावर पहारा देत बसावं लागलं. काहींनी वैतागून आपले मॉड सार्वजनिक यादीतून काढून घेतले. त्यात पीसीवाल्यांचंही नुकसान झालं.

याच्या जोडीला दबाव होता. 'एक्सबॉक्सवर कधी आणणार?' हा प्रश्न पहिल्यांदा कौतुकाचा वाटतो; तोच शंभर वेळा, चढत्या स्वरात आला की तो वसुलीसारखा होतो. मॉड फुकट असतो म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा हक्क असतो, ही समजूत या प्रकरणात उघडी पडली. गावात कुणी हौसेने वाचनालय चालवतो तेव्हा पुस्तकं सगळ्यांना मिळतात, पण म्हणून त्याच्या कपाटाची किल्ली कुणी हिसकावून घेत नाही.

बेथेस्डाला हे कळायला वेळ लागावा याचं मला आश्चर्य वाटतं, कारण वर्षभरापूर्वीच त्यांनी याचा चटका खाल्ला होता. २३ एप्रिल २०१५ ला व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी व्हॉल्व्हच्या स्टीम या ऑनलाइन गेम दुकानात 'स्कायरिम'चे मॉड विकत देण्याची योजना आणली. मॉडकर्त्याला किमतीचा २५ टक्के वाटा. पहिल्याच खेपेत मासेमारीचा एक मॉड असा निघाला की जो दुसऱ्या मॉडकर्त्याच्या ॲनिमेशनच्या साधनावर अवलंबून होता. वाद पेटला, तो मॉड विक्रीतून उतरवावा लागला आणि २७ एप्रिलला सगळी योजनाच गुंडाळली गेली. मॉड एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात, आणि कुणाचं काम कुठे जाणार हे आधी विचारलं नाही तर सगळी रचना हलते, हा धडा त्या चार दिवसांत मिळालेला होता. एक्सबॉक्ससाठी चढवण्याचं पान तयार करताना तो वापरायला हवा होता.

इथे सोनीच्या कडक अटीचा एक अनपेक्षित परिणाम नोंदवायला हवा. बाहेरची सामग्रीच चालत नसल्यामुळे दुसऱ्याने घडवलेली तलवार किंवा चिलखत उचलून प्लेस्टेशनवर चढवणं शक्यच नव्हतं. चोरीची मोठी वाट आपोआप बंद झाली. पण चोर अडवायला घरच बांधू न देणं हा काही मॉडकर्त्याचा सन्मान नव्हे. त्याच्या कामाला तिथे जागाच नव्हती.

पुढे काय झालं

२०१७ मध्ये बेथेस्डाने क्रिएशन क्लब आणला: निवडक मॉडकर्ते, कंपनीची तपासणी, खेळाडूला विकत. डिसेंबर २०२३ मध्ये 'स्कायरिम'साठी फुकटचे मॉड आणि विकतचं साहित्य एकाच 'क्रिएशन्स' नावाखाली आलं आणि पडताळणी झालेल्या कर्त्यांना आपलं काम विकण्याची वाट मिळाली. पैशाच्या व्यवहारावर अजूनही भांडणं होतात, पण काम कुणाचं आहे हे आधी पाहायचं, ही गोष्ट निदान विकतच्या भागात रुजली.

इतरांनी वेगळ्या वाटा काढल्या. 'फार्मिंग सिम्युलेटर १७'ने कन्सोलवर मॉड आणले ते कंपनीने तपासून. ज्यात स्वतःची स्क्रिप्ट आहे तो मॉड पीसीपुरता, पण नवा ट्रॅक्टर, नवं अवजार, नवं शेत कन्सोलवर चालतं. मला ही रेघ सोनीच्या रेघेपेक्षा कितीतरी शहाणी वाटते: धोका प्रोग्रॅममध्ये आहे, तर तो अडवा, चित्रं आणि आकृत्या तपासून सोडा. २०२४ मध्ये लॅरियन या गेम कंपनीने 'बॉल्डर्स गेट ३'च्या सातव्या पॅचमधून (मोठ्या अपडेटमधून) मॉडची सोय गेममध्येच आणली, सप्टेंबरमध्ये पीसीवर आणि ऑक्टोबरमध्ये कन्सोलवर. कन्सोलवर कुठला मॉड येणार ते तपासून ठरतं. पीसीवर जे मिळतं त्यातलं सगळं तिथे नाही, पण जे आहे ते प्लेस्टेशन ५ वरही आहे.

सगळं कधीच येणार नाही, हेही खरं. 'फॉलआउट: लंडन' हा प्रचंड मॉड जुलै २०२४ मध्ये आला तो फक्त पीसीवर. आणि त्यालाही आधी तीन महिने थांबावं लागलं, कारण एप्रिलमध्ये 'फॉलआउट ४'चं नवं अपडेट आलं आणि मॉडची बांधणी त्याच्याशी जुळेना. इतक्या मोठ्या कामाला कन्सोलची चौकट अपुरीच पडणार.

तरीही मी येण्याच्या बाजूने आहे, त्याचं कारण पडद्यासमोर बसलेला माणूस आहे. कुणाला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, कुणाला लढाईचा वेग झेपत नाही, कुणाच्या सेव्हमध्ये कंपनीने कधीच न दुरुस्त केलेली चूक अडून बसली आहे. 'स्कायरिम'चा अनऑफिशियल पॅच हा असाच शेकडो चुका निस्तरणारा, हौशी लोकांनी जपलेला मॉड आहे. कन्सोलवाल्याने गेमचे पैसे दिलेत; दुरुस्ती फक्त पीसीवाल्याला मिळावी याला काही अर्थ नाही.

उद्या एखादी कंपनी माझ्याकडे कन्सोलवर मॉड आणण्याचा आराखडा घेऊन आली, तर मी सगळ्यात आधी तिचं चढवण्याचं पान बघेन. त्या पानावर मूळ कर्ता कोण, त्याने कुठल्या कन्सोलसाठी परवानगी दिली, आणि नसेल दिली तर ती कुठे मागायची, हे चढवणाऱ्याला आधी भरावं लागतं का? मूळ कर्त्याची तक्रार आल्यावर मॉड आधी झाकला जातो आणि चौकशी नंतर होते, की उलट? कर्त्याला 'माझं काम कन्सोलवर नको' असं एकदाच सांगून मोकळं होता येतं का? जीबी किती, ॲसेट कुठले, हे त्यानंतर बोलू.